प्लॉट घेण्याआधी सातबारा वाचा : धरणगाव परिसरात मोकळी जमीन घेताना काय पाहावं?

धरणगावातून चोपड्याकडे, एरंडोलकडे किंवा पाळधीकडे निघालं की शेताच्या बांधावर प्लॉट विक्रीचे बोर्ड दिसतात. चुन्याच्या रेघा मारलेल्या, चार दगड रोवलेले आणि खाली मोबाइल नंबर. शाळेत पालक मार्कशीट घ्यायला येतात आणि जाता जाता विचारतात, "सर, अमुक ठिकाणी दोन गुंठे मिळतायत, घेऊन टाकू का? पुढे मुलीच्या लग्नाला कामाला येईल."

प्रश्न साधा आहे, पण त्यामागचा पैसा साधा नसतो. कुणी सुरत-भिवंडीला रात्रपाळ्या करून साठवलेला असतो, कुणी आखातात दहा वर्षं काढून आणलेला, तर कुणाच्या रिटायरमेंटचा असतो. हा पैसा एकदा चुकीच्या जमिनीत अडकला की तो परत मिळवण्यात पुढची पिढी कोर्टाच्या पायऱ्या झिजवते. म्हणून भाव विचारण्याआधी काय विचारायचं, ते इथे क्रमाने मांडतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा. शेजारच्या जमिनीपेक्षा एखादी जमीन फारच स्वस्त मिळत असेल, तर बहुतेक वेळा तिच्यात काहीतरी कमी असतं. एखादा कागद, एखादी सही किंवा रस्ता. ती कमी कोणती, हे कळल्याशिवाय बयाना देऊ नका.

जमीन शेतीची की बिनशेती?

बोर्डवर "प्लॉट" लिहिलं म्हणून शेत प्लॉट होत नाही. सातबाऱ्यावर ती शेतजमीन असेल तर कायद्याच्या नजरेत ती शेतजमीनच आहे. इथे दोन कायदे आडवे येतात.

पहिला, कुळकायदा. खान्देश जुन्या मुंबई प्रांतात होता, म्हणून आपल्याकडे १९४८चा कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. घरात कुणाच्याच नावावर शेती नसेल, तर "नंतर बघू" म्हणून केलेला व्यवहार कलम ८४क खाली चौकशीत जाऊ शकतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. आपल्यातली कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या व्यापार, कारागिरी, मजुरी करणारी आहेत. त्यांनी हे आधी तपासायलाच हवं.

दुसरा, तुकडेबंदी कायदा, म्हणजे १९४७चा. शेतीचे बारीक तुकडे पडू नयेत म्हणून त्यात किमान क्षेत्र ठरवलेलं असतं. ऑगस्ट २०२३च्या अधिसूचनेप्रमाणे जिरायतीसाठी ते २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे आहे. म्हणजे शेताच्या सातबाऱ्यातून एक-दोन गुंठे कापून घेणं हा व्यवहारच या कायद्याच्या विरुद्ध जातो.

"पण रजिस्ट्री तर झाली ना!"

हा सगळ्यात मोठा गैरसमज. गेल्या काही वर्षांत काय घडलं ते पाहा.

१२ जुलै २०२१ला नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढलं की किमान क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याची, मंजूर लेआउट किंवा परवानगी नसेल तर, नोंदणी करू नये. राज्यभर गुंठेवारीचे व्यवहार अडले. त्यावर काही जण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले आणि ५ मे २०२२ला हे परिपत्रक रद्द झालं. लगेच बाजारात बातमी पसरली, "आता गुंठ्याची खरेदी सुरू झाली." सरकार पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

या सगळ्यात एक बाब लोकांच्या नजरेतून सुटली. न्यायालयासमोर प्रश्न होता तो नोंदणी अधिकाऱ्याने दस्त नाकारावा का, एवढाच. तुकडेबंदी कायदा रद्द झाला नव्हता. दस्त नोंदला गेला तरी फेरफार अडू शकतो, सातबाऱ्यावर नाव लागत नाही, बांधकाम परवानगी मिळत नाही, बँक कर्ज देत नाही. हातात रजिस्ट्री आहे, पण गावदप्तरात आपण कुठेच नाही, अशी अवस्था होते.

जुने व्यवहार नियमित करायला सरकारने वेळोवेळी सूट दिली आहे. आधी बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरावी लागत होती, ऑक्टोबर २०२४मध्ये ती ५ टक्क्यांवर आणली गेली, आणि २०२५मध्ये निवासी भागांसाठी नियम आणखी सैल केले गेले. पण या सवलती ठराविक तारखेपर्यंतच्या जुन्या व्यवहारांसाठी असतात. ज्यांचे पैसे आधीच अडकले त्यांच्यासाठी तो दिलासा आहे. "आज घेऊन टाका, उद्या सरकार कायदेशीर करून देईल" हे एजंटचं वाक्य त्यातून सिद्ध होत नाही. शहरी हद्दीतल्या गुंठेवारीसाठी २००१चा वेगळा कायदा आहे. त्याची मुदत २०२१मध्ये वाढवली तीसुद्धा ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या बांधकामांसाठी.

यावर तोड म्हणून आजकाल आठ-दहा जण मिळून २० गुंठ्यांची एकत्र खरेदी करतात. सगळ्यांची नावं एका सातबाऱ्यावर सामाईक लागतात आणि आपसात कागदावर प्लॉट वाटून घेतात. दहा दोस्त असेपर्यंत ठीक. पुढे एकाला विकायचं असतं, एकाचं इंतकाल होतं, त्याच्या जागी सहा वारस येतात, एकावर कर्ज असतं. सरकारी दप्तरात कुणाचा प्लॉट कोणता हे कुठेच लिहिलेलं नसतं. शिवाय खरेदी करणारा प्रत्येक जण शेतकरी असावा लागतो, हा मुद्दा राहतोच.

खरा एनए प्लॉट कसा ओळखायचा?

विकणारा "एनए आहे" म्हणाला तर चार कागद मागा : बिनशेतीचा आदेश किंवा सनद, नगररचना खात्याने मंजूर केलेला लेआउट नकाशा, तुमच्या प्लॉट नंबरचा स्वतंत्र सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, आणि लेआउट मोठा असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक. २०१६च्या रेरा कायद्याप्रमाणे ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर किंवा आठपेक्षा जास्त प्लॉट पाडून विक्री करायची असेल तर नोंदणी सक्तीची आहे. हा क्रमांक महारेराच्या वेबसाइटवर घरबसल्या तपासता येतो.

"गावठाणाला लागून आहे, एनएची गरज नाही" असंही ऐकायला मिळेल. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींना जमीन महसूल अधिनियमात सोय आहे खरी. पण रूपांतरण कर भरून सनद घेतल्यावरच तिचा फायदा मिळतो. ती सनद पाहा. "एनए प्रोसेसमध्ये आहे" हे ऐकलं तर एवढंच म्हणा, "प्रोसेस पूर्ण होऊ द्या, मग या."

लेआउटच्या नकाशात मोकळी जागा आणि रस्ते कुठे आहेत तेही बघा. मुलांच्या मैदानासाठी सोडलेली जागा प्लॉट म्हणून विकल्याची उदाहरणं महाराष्ट्रात कमी नाहीत.

सातबाऱ्यात नेमकं काय वाचायचं?

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या वेबसाइटवर १५ रुपयांत मिळतो. विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स घेऊ नका, स्वतः काढा. त्यात तीन जागा बघायच्या.

पहिली, भोगवटादार वर्ग. "वर्ग १" म्हणजे साधारणपणे मालकाला विकायची मोकळीक आहे. "वर्ग २" म्हणजे सरकारची अट आहे आणि परवानगीशिवाय विक्री चालत नाही. इनाम, वतन, सरकारकडून मिळालेल्या जमिनी यात येतात.

दुसरी, "इतर हक्क" हा रकाना. विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचं नाव, भूसंपादनाचा शेरा, कोर्टाचा मनाई हुकूम हे सगळं इथे असतं. लोक मालकाचं नाव वाचतात आणि हा रकाना सोडून देतात.

तिसरी, फेरफार क्रमांक. प्रत्येक क्रमांकामागे एक कहाणी असते : कुणाकडून आली, वारसाने की खरेदीने, वाटणी कधी झाली. मागच्या ३० वर्षांचे फेरफार काढून वकिलाकडून सर्च रिपोर्ट करून घ्या. सातबारा हा मुळात महसुलासाठीचा कागद आहे. तो मालकीचा अंतिम पुरावा नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे. मालकी सिद्ध होते ती मागच्या दस्तांच्या साखळीवरून.

आपल्या खान्देशात आणखी एक तपासणी महत्त्वाची. चोपडा, यावल, शिरपूर, साक्री, नंदुरबार या पट्ट्यात आदिवासी बांधवांच्या जमिनी आहेत. बिगर-आदिवासीला त्या परवानगीशिवाय घेता येत नाहीत, आणि १९७४च्या कायद्याने मूळ मालकाला परत मिळवून देण्याची तरतूदही केली आहे. फेरफारात मागे कुठे आदिवासी खातेदार दिसला तर थांबा.

बहिणीची सही आणि यतीमचा हिस्सा

विकणारा आपल्याच समाजातला असेल तेव्हा लोक निर्धास्त होतात, आणि नेमकी इथेच गडबड होते. सातबाऱ्यावर फक्त दोन भावांची नावं असतात. अब्बांच्या इंतकालनंतर अम्मीचं आणि बहिणीचं नाव लावलेलंच नसतं.

शरियतचा हिशोब बघा. एका माणसाची एक एकर, म्हणजे ४० गुंठे जमीन आहे. कर्ज-वसीयत काही नाही, आईवडील हयात नाहीत. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. बायकोचा आठवा हिस्सा म्हणजे ५ गुंठे. उरलेल्या ३५मध्ये प्रत्येक मुलाला १४ आणि मुलीला ७. दोन्ही भावांनी मिळून ४० गुंठे विकले, तर त्यातले १२ गुंठे विकण्याचा त्यांना हक्कच नव्हता. बहीण उद्या कोर्टात गेली तर ती चुकीची नाही, आणि नुकसान होईल ते घेणाऱ्याचं. म्हणून सगळ्या वारसांच्या सह्या किंवा बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र बघा. बहीण सासरी असेल तर तिला स्वतः भेटून विचारा की ती हे खुशीने करतेय का. ही कायद्याची काळजी आहे आणि आपल्या कमाईच्या हलाल असण्याचीही.

वारसांमध्ये नाबालिग मूल असेल तर आणखी सावध राहा. मुस्लिम कायद्यात वडिलांच्या मागे आई ही मुलाची देखभाल करते, पण त्याच्या मालमत्तेची कायदेशीर पालक ती आपोआप होत नाही. तिने किंवा चाचाने कोर्टाच्या परवानगीशिवाय यतीमचा हिस्सा विकला तर तो व्यवहार टिकत नाही.

हिबाचंही विचारा. आपल्याकडे ताबा देऊन केलेला तोंडी हिबा कायद्याने मान्य होतो, आणि त्याचा कागद असेलच असं नाही. शेतात प्रत्यक्ष कोण राबतंय, ते शेजारच्या बांधावरच्या माणसाला विचारलं की बरंच कळतं.

वक्फची जमीन

मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या खिदमतीसाठी दिलेल्या इनाम जमिनी जळगाव-धुळे जिल्ह्यांतही आहेत. काही ठिकाणी मुजावर किंवा मुतवल्लीच्या घराण्याचं नाव सातबाऱ्यावर लागलेलं असतं आणि ते स्वतःला मालक समजून विकायला निघतात. वक्फ कायद्याप्रमाणे वक्फ मालमत्तेची अशी विक्री मुळातूनच रद्दबातल आहे. "इतर हक्क" रकान्यात मशीद, पीर, देवस्थान इनाम, वक्फ असा कोणताही शब्द दिसला तर छत्रपती संभाजीनगरच्या राज्य वक्फ मंडळाकडे चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नका. २०२५च्या दुरुस्तीनंतर वक्फ मालमत्तांची नोंद केंद्राच्या 'उमीद' पोर्टलवर घेतली जाते, तिथेही पाहता येईल.

रस्ता, पाणी, माती

कागद नीट असले तरी जमीन पायाखालून घालायची. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा जोराच्या पावसानंतर.

रस्ता नकाशावर आहे की फक्त शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर? शेजारच्या शेतातून गाडी जाते म्हणून तो रस्ता होत नाही. त्याने काटेरी कुंपण घातलं की तुमचा प्लॉट बेट झाला. मग तहसीलदारांकडे अर्ज, पंचनामा, अपील.

आपली काळी माती कापसाला सोन्यासारखी, पण घराला अवघड. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया खोल आणि मजबूत घ्यावा लागतो, त्याचा खर्च आधीच धरा. तापी, गिरणा किंवा एखाद्या नाल्याच्या जवळ असेल तर पूररेषा विचारा. डोक्यावरून हाय-टेन्शन लाइन जाते का बघा. आणि भूमी अभिलेखची सरकारी मोजणी करून खुणा कायम करून घ्या. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एजंट "साधारण हजार" म्हणाला की दर गुंठ्याला ८९ फूट गेले.

"इथून हायवे जाणार आहे"

मोकळ्या जमिनीचा भाव निम्मा बातमीवर चढतो. मनमाड-इंदूर रेल्वेचंच घ्या. धुळे-शिरपूरकडच्या लोकांनी ती कित्येक वर्षं ऐकली. ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली २ सप्टेंबर २०२४ला, सुमारे १८ हजार कोटींच्या खर्चासह. मधल्या काळात "रेल्वे येतेय" या एका वाक्यावर ज्यांनी पैसे गुंतवले, त्यांनी वाट किती पाहिली याचा हिशोब करा. आणि प्रकल्प आला तरी तो तुमच्या जमिनीजवळून जाईल की तुमच्या जमिनीतूनच, हा प्रश्न असतोच. २०१३च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचना निघाली की त्या जमिनीचे व्यवहार थांबतात.

बांभोरीला विद्यापीठ १९९०च्या दशकात उभं राहिलं, शेजारून महामार्ग गेला, तिथे मागणी आहे. पण तिथला भाव सांगून आत कुठेतरी असलेल्या शिवारातली जमीन विकली जात असेल, तर तो भाव त्या जमिनीचा नाही.

हिशोब मांडून बघा

समजा प्लॉट ६ लाखांचा. मुद्रांक, नोंदणी, वकील, मोजणी मिळून ५० हजार. आठ वर्षांनी तो ९ लाखांना विकला. लोक म्हणतील, तीन लाख फायदा. आता नीट बघू.

विकण्याच्या पक्क्या नियतीने घेतलेली जमीन ही तिजारतीचा माल धरली जाते आणि तिच्या बाजारभावावर दरवर्षी अडीच टक्के जकात येते, असं बहुतेक उलमा सांगतात. राहण्यासाठी घेतली तर नाही. नियत काय ते स्वतःशी ठरवून आपल्या आलिमांना विचारा. वरच्या उदाहरणात सरासरी साडेसात लाख धरले तर वर्षाला १८,७५० रुपये, आठ वर्षांत दीड लाख. जकात हे नुकसान नाही, ती तर पैशावरही द्यायचीच असते. पण जमीन काही कमावून देत नाही, तिचा कोपरा तोडून विकता येत नाही. ही रक्कम दरवर्षी पगारातून काढावी लागेल.

मग आयकर. दोन वर्षांहून जास्त ठेवून विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के. अडीच लाखांवर सुमारे ३१ हजार. "शेतजमिनीला टॅक्स नाही" यावर विसंबू नका. दहा हजार ते एक लाख लोकसंख्येच्या नगरपालिकेपासून दोन किलोमीटरच्या आतली शेतजमीन आयकरात ग्रामीण धरली जात नाही. धरणगावला लागून असलेली शिवारं यात येतात. सगळं वजा जाता हातात उरतात ७० हजारांच्या आसपास, आठ वर्षांत.

म्हणजे जमीन घेऊच नये असं नाही. पुढच्या चार-पाच वर्षांत लागणारा पैसा, मग तो शिक्षणाचा असो, लग्नाचा की हजचा, जमिनीत घालू नये. गिऱ्हाईक आपल्या गरजेच्या दिवशी येत नसतं.

पैसे देताना

कुरआनमध्ये सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगितलं आहे. तरी आपल्यात "भाईचारा आहे, लिहायचं कशाला" असं चालतं. बयाना चेकने किंवा बँकेतूनच द्या. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतल्यास विकणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि रोख दिल्याचा पुरावा घेणाऱ्याकडे राहत नाही.

शंभर रुपयांच्या स्टँपवर नोटरी केलेला कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्येच स्पष्ट केलं आहे. नोंदणीकृत खरेदीखत, त्याआधी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, आणि नंतर फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर आपलं नाव. हे तिन्ही झालं की व्यवहार पूर्ण झाला समजा.

वकिलाची फी आणि मोजणीचा खर्च लोकांना जड वाटतो. सहा लाखांच्या जमिनीसाठी काही हजार वाचवणारे आपल्या मुलांसाठी दावा वारशात ठेवून जातात. येत्या रविवारी कुणी तुम्हाला साइट दाखवायला नेणार असेल, तर त्याच्याकडून आधी फक्त गट नंबर मागून घ्या, सातबारा स्वतः काढा आणि घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला "इतर हक्क" रकाना मोठ्याने वाचायला सांगा. गट नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या गाडीत बसायची गरज नाही.